पहाटेची नीरा

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात राहणाऱ्या मुसलमानाला हिवाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "नीरा पिता का हो तुम्ही लोक?" विचारणारा कधी शेजारी असतो, कधी आठवडी बाजारात भाजी विकायला बसलेला ठाकर, कधी लोकलमध्ये रोज समोर बसणारा ओळखीचा प्रवासी. प्रश्नात टोमणा नसतो. बहुतेक वेळा त्याला खरोखरच पाजायची असते. आणि आपल्यातले बहुतेक लोक "नको नको, आमच्यात चालत नाही" म्हणून मोकळे होतात. नीरा म्हणजे ताडी, ताडी म्हणजे दारू, दारू म्हणजे हराम, असा हिशेब एका दमात होतो आणि विषय संपतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड.च्या वर्षात आमच्या एका उस्तादांनी आम्हाला सांगितलं होतं की, मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठ करून देऊ नये, तपासून द्यावं. हा प्रश्न मुलांनी नाही, गावाने विचारलेला होता. पण तपासायचा राहिला होता, हे खरं.

आमच्या भागात ताड अजून आहेत. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत, भाताच्या खाचरांच्या बांधांवर, कुठे एकटा, कुठे पाच-सात मिळून. शिंदीची झाडंही आहेत. ताडाच्या फुलोऱ्याचं टोक रोज धारदार कोयत्याने थोडं थोडं कापायचं, त्याखाली मडकं बांधायचं, रात्रभर त्यात थेंब थेंब रस जमतो. शिंदीच्या बाबतीत खोडालाच वर खाच पाडतात. एवढंच काम. पण ते चाळीस-पन्नास फुटांवर, पायाला दोरीचा फास लावून, दिवसातून दोनदा करायचं असतं.

कशेळ्याच्या बाजूला राहणारे एक ठाकर गृहस्थ हे काम करतात. भाजी घेऊन आमच्या शाळेच्या रस्त्याला येतात म्हणून ओळख. आम्ही त्यांना मामा म्हणतो, ते आम्हाला गुरुजी. एका जानेवारीत त्यांनी आम्हाला आणि आमच्या एका सहकारी शिक्षकांना पोपटीला बोलावलं. रायगड जिल्ह्यात हिवाळा म्हणजे पोपटी. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, वर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, कोंबडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. मामांनी कोंबडी जिवंत ठेवली होती. म्हणाले, "गुरुजी, ही तुम्हीच कापा, तुमच्या रीतीने. मग सगले खाऊ." आमच्या सहकाऱ्यांनी बिस्मिल्ला करून जबह केली आणि तीच कोंबडी पुऱ्या पाड्याने खाल्ली.

जेवताना दुसरं एक मडकं फिरू लागलं. ते आमच्यापर्यंत आलं तसं मामांनी मधेच हात घालून अडवलं. "ही नाय. ही दुपारची हाय, चढलेली. तुमची मी पहाटे देतो." आम्ही काही बोलण्याआधी हे झालं. आमच्या दीनची हद्द कुठे आहे, हे त्या माणसाला आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा नेमकं ठाऊक होतं.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. फजरची नमाज अंगणात गोधडी अंथरून पढलो. मामा तोवर झाडावर चढलेही होते. माथेरानच्या डोंगरामागे अजून अंधार होता, खाचरांवर धुकं होतं, आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वरून मडकं दोरीने खाली आलं. मामांनी फडक्याने गाळून पेला भरला.

रंग तांदळाच्या धुवणासारखा, किंचित पांढुरका. वास ओल्या लाकडाचा. पेला हाताला बर्फासारखा गार लागला. पहिल्या घोटात नुसता गोडवा. उसाच्या रसापेक्षा हलका, शहाळ्याच्या पाण्यापेक्षा दाट. गिळल्यावर जिभेच्या कडांना थोडं खारट लागतं आणि अगदी शेवटी चुन्याची चव येते, पान खाऊन झाल्यावर येते तशी. जिभेला कुठेही टोचत नाही, घशात जळजळ नाही. आम्ही दोन पेले घेतले, आमच्या सहकाऱ्यांनी तीन.

मग मामांनी आम्हाला झोपडीमागची मडकी दाखवली. एका ओळीत आतून चुना फासलेली. दुसऱ्या ओळीत चुना नसलेली, जुन्या रसाच्या वासाने भरलेली. पहिल्या मडक्यात नीरा राहते, दुसऱ्यात तोच रस भराभर ताडी होतो. झाड एक, फुलोरा एक, चढणारा माणूस एक. मामी त्याच वेळी चुलीवर कढईत नीरा आटवत होत्या. दहाएक लिटर रस तास-दोन तास उकळला की साधारण किलोभर गूळ उरतो. तो तयार होत आला होता, काळाभोर, गुळगुळीत. मामींनी त्यातला पळीभर घेऊन सुंठ आणि मिरी घालून गरम पाण्यात ढवळून दिला. तो काळा, कडक, जळक्या साखरेच्या किंचित कडवट चवीचा काढा पिताना कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊब आली. थंडीत अंग तापवण्यासाठी माणसं जे काही पितात, त्यातला हा सगळ्यात निर्धोक प्रकार असावा.

आता तपासाचं शास्त्र. ताडाच्या रसात दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत साखर असते. हवेत, झाडावर, मडक्यात सूक्ष्म खमीर असतं. रस बाहेर पडताक्षणी ते कामाला लागतं, साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. दिवसभरात मद्यार्क चार-पाच टक्क्यांवर जातो. त्यानंतरही तसंच ठेवलं तर दुसरे जिवाणू त्या मद्यार्काचं आम्ल करतात आणि ताडीचा सिरका होतो. चुन्याने रसाचं आम्लपण मोडतं, खमिराला ते मानवत नाही. थंडीने त्याची चाल मंद होते. म्हणून नीरेची खरी वेळ हिवाळा आणि त्यातही सूर्य वर येण्याआधीची. या खमिराचं रहस्य फ्रान्सच्या लुई पाश्चरने उलगडलं, आणि १८७६ साली त्याने बिअरवर एक सबंध पुस्तकच लिहिलं.

थंडीचं हे महत्त्व युरोपातल्या लोकांनाही फार आधी कळलं होतं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली तिथल्या ड्यूकने हुकूम काढला की, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळायची नाही, कारण उन्हाळ्यात ती बिघडते. बर्फाची यंत्रं येईपर्यंत गाळण्याचा मोसम हिवाळाच होता. इंग्लंडात थंडीसाठी काळी, कडक एल गाळतात, तिची मात्रा सहा-आठ टक्के किंवा त्याहूनही वर जाते. तिचा काळेपणा जवाचा. मोड आलेले जव लाकडाच्या जाळावर वाळवले की तपकिरी होतात; पुढे १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने कॉफीच्या बियांसारखे जव भाजून काळे करण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं.

ही माहिती आम्ही का गोळा केली, त्याला कारण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि खालापूर, कर्जत मुंबईच्या फार जवळ आलं. शेतांची फार्महाऊसं झाली. शनिवार-रविवार तिथे गाड्या येतात, आणि सोमवारी शाळेच्या वाटेवर रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. नववीतल्या एका मुलाने अशाच एका तपकिरी बाटलीचं लेबल वाचलं आणि वर्गात विचारलं, "सर, यात तर जव लिहिलंय. जव तर आपण सत्तूमध्ये खातो. मग हे हराम कसं?" वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

त्याच वर्षी आमच्या नात्यातल्या एका लग्नात दुसरा प्रकार झाला. कुवेतहून आलेल्या एका भाच्याने काळ्या मॉल्टच्या बाटल्या आणल्या होत्या. मद्यार्क नाही, असं बाटलीवर अरबीत छापलेलं. अरब मुलकांत ही पेयं दुकानादुकानांत मिळतात, रमजानात इफ्तारच्या दस्तरख्वानावरही असतात. पण बाटलीचा घाट पाहून मंडपात कुजबुज सुरू झाली. एका बुजुर्गांनी ती हातात घेऊन लांब धरली, जणू साप धरलाय. आम्ही एक पेला घेतला. भाजलेल्या भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी चव, मागून काळ्या गुळाचा गोडवा, थोडा फेस. मामींच्या काढ्याची आठवण झाली. मग शेजारी बसलेल्या दोघांनी घेतला, मग चौघांनी. बुजुर्गांनी शेवटपर्यंत घेतला नाही, आणि तो त्यांचा हक्क होता. वादाला तोंड फुटलं ते मात्र चांगलं झालं.

आपल्या दीनने या बाबतीत काय सांगितलं आहे, ते शब्दांतच दिसतं. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे शब्द फार मदत करतात. खम्र म्हणजे मद्य. खमीर म्हणजे आंबवण. खिमार म्हणजे ओढणी. तिन्हींचं मूळ एकच, झाकणं. हजरत उमर यांच्या एका खुतब्याचा मजकूर हदीसमध्ये आला आहे: खम्र द्राक्षं, खजूर, गहू, जव आणि मध यांपासून होतं, आणि अकलेवर जे पडदा टाकतं ते खम्र. म्हणजे जव खाणं हलालच आहे. त्याच जवाचं जे अकलेला झाकून टाकतं, ते मना आहे. नववीतल्या त्या मुलाचं उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी दिलं गेलं होतं.

आणि नीरेचं उत्तर नबीजमध्ये आहे. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं गोड पाणी म्हणजे नबीज. हजरत आयेशा यांच्या रिवायतीनुसार सकाळी भिजवलेलं पाणी रसूलुल्लाह संध्याकाळी घेत आणि संध्याकाळी भिजवलेलं सकाळी. दुसऱ्या रिवायतीत तीन दिवसांची हद्द आहे, त्यानंतर उरलेलं ते ओतून देत. वस्तू तीच, फक्त वेळ गेलेली. आमच्या पट्ट्यात कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि घाटावरून आलेली घरं हनफी. नबीजच्या तपशिलावर जुन्या फकिहांत मतभेद झाले आहेत, सिरका कसा पाक होतो यावरही आहेत. पण ज्याला नशा चढलेली नाही असा ताजा रस मना आहे, असं दोन्हीकडे कोणी म्हणत नाही.

हे सगळं आम्ही वर्गात नुसतं सांगून मोकळे झालो असतो तर पुढचा प्रसंग घडला नसता. पण विज्ञानाच्या पुस्तकात 'तख्मीर' हा धडा होता, जानेवारी होती, आणि मामा त्या दिवशी भाजी घेऊन येणार होते. त्यांच्याकडून आम्ही नीरा मागवली. तीन बाटल्या केल्या. पहिलीत चुन्याच्या मडक्यातली नीरा, बर्फाच्या डब्यात ठेवलेली. दुसरीत बिनचुन्याची, खिडकीत उन्हात. तिसरीत उकळून गार केलेली. तिन्हींच्या तोंडाला फुगे बांधले आणि मुलांना दर तासाला नोंद करायला सांगितली. दुपारच्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या बाटलीवरचा फुगा ताठ उभा राहिला होता. पहिला आणि तिसरा मान टाकून पडलेले. मुलांनी वास घेतला. एक मुलगी म्हणाली, "सर, ही सकाळी गोड वास देत होती, आता नाकाला चावते." दिवसभरात यापेक्षा चांगली नोंद कोणाची झाली नाही. शाळा सुटताना दुसरी बाटली मुलांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की, सरांनी वर्गात ताडी आणली. दुसऱ्या दिवशी चार पालक आले. एकाने लेखी अर्ज दिला होता. त्यात आमची बदली मागितली होती. उर्दू शाळेतल्या मास्तरची इज्जत काचेच्या भांड्यासारखी असते. तो नमाज पढतो की नाही, कोणाबरोबर जेवतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ठाऊक नसेल तर रचलं जातं. घरी दोन दिवस चूल जेमतेम पेटली. आमच्या अम्मांनी एवढंच विचारलं, "तू प्यायलास?" आम्ही म्हटलं, "पहाटेची प्यायलो होतो, मामांकडे." त्या म्हणाल्या, "मग तेच सगळ्यांसमोर सांग."

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात झाली. मशिदीचे मौलाना आले होते. आम्ही तिन्ही बाटल्या पुन्हा मांडल्या होत्या, त्याच सकाळच्या ताज्या रसाच्या. मौलानांनी पहिला प्रश्न विचारला तो आम्हाला अजून आठवतो. "किती वाजता उतरवली?" त्यांनी हलाल-हराम विचारलं नाही, वेळ विचारली. मग पहिल्या बाटलीचा वास घेतला, मामांनी चुना किती लावला होता ते विचारलं, आणि सगळ्यांसमोर नबीजची हदीस सांगितली. मग म्हणाले की, मुलाला दारूपासून दूर ठेवायचं असेल तर दारू कशी होते हे त्याला आधी कळू द्या. अंधारात माणूस कुठलंही भांडं तोंडाला लावतो. अर्ज देणाऱ्या पालकांनी अर्ज परत घेतला. त्यांनी नीरा मात्र प्यायली नाही, आणि आम्ही आग्रह केला नाही. मामा वऱ्हांड्याच्या खाली उभे होते. त्यांना वर बोलावून खुर्ची दिली ती मौलानांनी.

आमच्या मते या प्रकरणातला खरा सवाल त्या खुर्चीचा होता. ताडी काढणारा म्हणजे दारूवाला, आणि दारूवाला म्हणजे हलका माणूस, हा हिशेब आपल्यातही आहे, सरकारातही होता. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-दारू आपल्या मुठीत घेतली, ताडाच्या झाडांवर कर बसवला. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचा कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आमच्याच या मुलखात, मोहाची फुलं साठवण्यावर निर्बंध आले. ज्या फुलांवर कातकरी-ठाकरांची दुष्काळात पोटं भरत, ती घरात ठेवणं गुन्हा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आज त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे, आणि झाडाला मडकं लावायला अजूनही परवाना लागतो.

दारूबंदी मागणाऱ्यांतल्या जाणत्यांना चढणाऱ्या माणसाच्या पोटाची काळजी होती, हेही सांगायला हवं. महात्मा गांधींनी ताडगुळाचा पुरस्कार केला तो याच विचाराने: रसाची ताडी होऊ द्यायची नाही, गूळ करायचा, म्हणजे दारू जाईल आणि रोजी राहील. पुढे खादी ग्रामोद्योगाने डहाणूला ताडगुळाची संस्था काढली. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर नीरेचे स्टॉल लागले. आमचे अब्बा नोकरीच्या दिवसांत दादरला उतरले की एक पेला घेत आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. ते स्टॉल हळूहळू कमी झाले. त्यांच्या जागी पहाटेची नीरा कोणी आणली नाही. आली ती भेसळीची ताडी. झाडाचा रस कमी आणि क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं रसायन जास्त. झाडावर न चढताच ती तयार होते. महाराष्ट्रात तिच्यासाठी पोलिसांचे छापे पडत आले आहेत. आपल्या मोहल्ल्यांतली पोरंही तिला बळी पडतात, ही गोष्ट आपण दबक्या आवाजात बोलतो. नीरा आणि ताडी यांतला फरकच ज्याला माहीत नाही, त्याला ताडी आणि जहर यांतला फरक कुठून कळणार?

आणि ताडही कमी होत आहेत. बांध विकला जातो, कुंपण पडतं, आत हिरवळ लावायची असते, ताडाची झावळी पडून गाडीची काच फुटते म्हणून झाड कापलं जातं. मामांकडे पूर्वी सोळा झाडं होती, आता सात आहेत. त्यांचा मुलगा एका रिसॉर्टमध्ये वेटर आहे. तिथे तो पाहुण्यांना परदेशी काळी एल थंड करून देतो, तिची किंमत त्याच्या दिवसाच्या पगाराएवढी असते. झाडावर चढायला तो तयार नाही. चाळीस फुटांवरून पडलेला चुलता त्याने पाहिला आहे. त्याला दोष द्यायची आमची हिंमत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या मुलांनी शाळेच्या कुंपणालगत ताडाच्या अकरा बिया लावल्या. बिया मामांनी दिल्या. ताडाला फुलोरा यायला बारा-पंधरा वर्षं लागतात आणि झाड नर की मादी हे तोवर कळत नाही, असं सांगितल्यावर एका मुलाने हिशेब केला की, त्या वेळी तो आमच्या वयाला येत असेल. अकरापैकी आठ उगवल्या आहेत. एकेकच पान आहे, गवतासारखं. शिपायाला सांगून ठेवलं आहे की, गवत काढताना तेवढी जपावीत.